सेंद्रिय कापसाची लोकल व्हरायटी

सेंद्रिय कापसाच्या धंद्यात कापसाआधी किस्सेच गोळा होतात, आणि त्यांना गोदामही लागत नाही! दोन हजारनंतरची चार-पाच वर्षं मी सिंदी मेघेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात फील्ड ऑफिसर होतो. आमची कंपनी रसायनाशिवाय पिकवलेला कापूस परदेशात पाठवायची. वावरापासून शर्टापर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद हवी. एक भानगड सापडली, की अख्ख्या गावाचं सर्टिफिकेट रद्द!

*

एकदा मुंबई ऑफिसचा फॉर्म आला. माल वाहताना प्रदूषण किती होतं ते मोजायचंय, वाहन आणि इंधन लिहा. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'बैलगाडी. कडबा.'

तिसऱ्या दिवशी फोन. "कडबा म्हणजे पेट्रोल की डिझेल?"

*

कापसात नायलॉनचा धागा गेला की माल परत यायचा. म्हणून वेचणाऱ्या बायांना सुती साडी नेसा, असं मला सांगायचं होतं. मी त्यांच्यातल्या शांताबाईंना भीत भीत विचारलं, "साडी कशाची आहे?"

"घरी बायको हाय ना साहेब? तिची तपासा!"

शेवटी कंपनीनं सुती ओढण्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी वावरात एकही दिसेना. शांताबाई म्हणाल्या, "येवढी चांगली वस्तू वावरात काऊन न्याची?"

*

नाचणगावचे नामदेवकाका आमचे सगळ्यात जुने शेतकरी. त्यांच्या डायरीत 'कीड' आणि 'उपाय' असे दोन रकाने होते. सर्टिफिकेटच्या तपासणीला आलेले इन्स्पेक्टर हिंदी बोलणारे, पण मराठी अक्षरं लावून वाचायचे. एका पानावर ते थबकले.

कीड : मोठे जावई. उपाय : अमावस्येनंतर आपोआप जाते.

"ये बडे जावई कौनसा कीडा है?"

काका गंभीरपणे म्हणाले, "जुना हाय साहेब. लोकल व्हरायटी!"

इन्स्पेक्टरनी ते लिहून घेतलं.

*

मग परदेशातून खरेदीदार बाई आल्या. नाचणगावात मंडप घातला. बाईंनी सोबत आणलेल्या एका टी-शर्टच्या लेबलवरचा नंबर स्वतःच लॅपटॉपमध्ये टाकला, तर पडद्यावर थेट नामदेवकाकांचा फोटो! हा शर्ट काकांच्याच गेल्या वर्षीच्या कापसाचा, असं मी सगळ्यांना मराठीत सांगितलं. टाळ्या पडल्या. बाईंचे डोळे भरून आले. आमच्या साहेबांचेही.

काकांनी शर्ट चोळून पाहिला, उलटा करून पाहिला.

"लय मऊ हाय. पन बाई, माहा गेल्या सालचा कापूस तं अजून घरातच पडून हाय. भाव वाढाची वाट पाहून राह्यलो!"

साहेब घामाघूम. काका काय म्हणाले, असं बाईंनी मला विचारलं. डोक्यात पहिलं जे आलं ते मी इंग्रजीत बोलून टाकलं, "घरी चहाला चला म्हणतात."

बाई आनंदानं उठल्या आणि काकांच्या घराकडे निघाल्यासुद्धा!