ताटामागचं नाव

आमच्या वरच्या खोलीत सारिका भाड्याने राहायला आली आहे. अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली. परवा ती ताट घासत होती, तेव्हा ताटामागे लाल नेलपॉलिशने लिहिलेलं तिचं नाव दिसलं.

"एकटीच तर राहतेस. कोण नेणार आहे तुझं ताट?" मी हसून विचारलं.

"सवय आहे, काकू. तिकडे नाव नसलं की वस्तू कुणाचीही व्हायची."

खाली येऊन मी माझी मांडणी बघत राहिले. माझ्या भांड्यांवरही नावं कोरलेली आहेत, पण माझं एकावरही नाही. तांब्यावर मामाचं, परातीवर आत्याचं. ज्याने दिलं, त्याचं. भांडी आवरताना माझी माणसं रोज हाताखालून जातात आणि मला त्याचं काही वाटतही नाही. सारिका मात्र पाणी प्यायला आली की तांब्यावरची अक्षरं वाचत उभी राहते.

आज तिला एक नवं पातेलं नेऊन दिलं. तिने ते फिरवून फिरवून पाहिलं.

"घाल की तुझं नाव," मी म्हटलं.

"माझं नको," पातेल्याच्या कोऱ्या काठावरून बोट फिरवत ती म्हणाली. "काकू, तुमचं घालून आणाल?"