मागच्या दोन खोल्या

तंजावूरला बदली झाली तेव्हा मला कुणी घर देईना. एकटी बाई, वय पंचेचाळीस, नवरा कुठे असतो? नवरा नाहीच म्हटलं की दार लागायचं. तीन ठिकाणी हेच झालं. चौथं घर राजवाड्यामागच्या गल्लीत होतं. मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सुरुवात केली, तर दारातले गृहस्थ म्हणाले, "मराठीच की तूं." झालं, मी तिथेच पाघळले. साताऱ्याहून इतक्या लांब कुणी आपल्या भाषेत बोललं की माणूस अक्कल गहाण टाकतो, तशी मी टाकली.

त्यांना मी मामा म्हणू लागले. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कपाळाला गंध, बोलणं लोण्यासारखं. वरचा मजला मला मिळाला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. खाली पुढच्या बाजूला मामा-मामी राहायचे आणि मागच्या दोन खोल्यांत मामांची विधवा बहीण. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, मीही म्हणू लागले. भाड्याचा करार करू या म्हटलं तर मामा हसले. आपल्या माणसांत कागद कशाला, हवी तितकी वर्षं राहा म्हणाले. ऑफिसात मी हे कौतुकाने सांगत सुटले. मूर्ख बाई!

संध्याकाळी मी आले की जिन्याखालून अक्का विचारायच्या, जेविलीस कां? सहा वाजता कोण जेवतं? पण त्याचा अर्थ वाटी तयार आहे असा असायचा. उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर असायचं बहुतेक. माझी आई करायची तसंच, फक्त कढीपत्ता सढळ हाताने. मी खायचे, वाटी धुऊन परत द्यायचे, आणि अक्का माझ्याकडून सातारच्या गोष्टी काढून घ्यायच्या.

त्यांचे वडील घरातलं सगळं मराठीत लिहून ठेवत, देवनागरीत. शेजारपाजाऱ्यांना आपलं घरातलं कळू नये म्हणून. शेजाऱ्यांना कळलं नाहीच, पण मुलं शिकली तमिळ शाळेत, त्यामुळे घरच्यांनाही कळेनासं झालं. बोलायला मराठी, वाचायला तमिळ. मग ते कागदांचं गाठोडं दरवर्षी सरस्वतीपूजेला पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि परत कपाटात टाकायचं. पूजेच्या दिवशी वाचायचं नाही, पण दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, प्रत्येकाने काहीतरी वाचायचंच अशी रीत. मामा दरवर्षी तमिळ पेपर वाचून ती उरकायचे. त्या वर्षी त्यांना मी मिळाले होते.

पहिल्या कागदावर भाताच्या बियाण्याचा हिशेब होता. दुसऱ्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या पाहुण्यांची यादी. तिसरा मी मोठ्याने वाचायला घेतला. "माझे मुलीस मागील दोन खोल्या हयातभर राहण्यास दिल्या आहेत. तिचे भावानें तिला तेथून उठवूं नये." खाली वडिलांची सही. अक्का स्वयंपाकघरात वडे तळत होत्या. मामांनी हात पुढे केला आणि कागद माझ्या हातातून घेतला. सणाच्या दिवशी ती रडत बसेल, मी सांगतो सवडीने, म्हणाले. मला ते पटलं.

आठवड्याने मी एकदा विचारलं. घरातली गोष्ट आहे, सांगेन, असं ते म्हणाले, आणि लगेच माझ्या स्वयंपाकघराचं गळकं छप्पर दुरुस्त करून द्यायची गोष्ट काढली. तुला इथून कोण जा म्हणतंय, असंही वर म्हणाले. काय ते मला कळलं होतं, उगाच कशाला खोटं बोलू? पण गच्ची छान होती, वारा यायचा, आणि परत दारोदार फिरायची माझी तयारी नव्हती. मी मूग गिळून बसले. अक्कांचं डांगर रोज खात होते.

पोंगल झाला आणि टेप घेऊन माणसं घर मोजायला आली. घर विकलं होतं, तिथे लॉज होणार होतं. मामांनी मला महिन्याभरात जागा सोडायला सांगितलं, तेही तमिळमध्ये. माझ्याशी, तमिळमध्ये! अक्कांना पापनाशमला चुलतभावाकडे धाडणार होते, तिथे मागची ओसरी रिकामी होती म्हणे. माझं डोकंच फिरलं. भर अंगणात मी ओरडले की वडिलांनी लिहून ठेवलंय, तुम्ही त्यांना उठवू शकत नाही. मामा शांतपणे म्हणाले, "कुठला कागद?" गाठोडं आणून त्यांनी माझ्यापुढे सोडलं. बियाण्याचा हिशेब होता, पाहुण्यांची यादी होती. मामी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. एवढं आपलं आपलं म्हणून त्या माणसाने केसाने गळा कापला होता.

अक्का मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि कागदातलं अक्षर न् अक्षर सांगितलं. सांगताना रडत होते. आपल्या दोघींना कसं फसवलं त्यांनी, असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हें तूं दसऱ्याला वाचलंस ना? मी हो म्हटलं.

त्या बोटांवर महिने मोजत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला वाचायला येत नव्हतं. तुला येत होतं."

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो काढून घेतला आणि त्या भांडी बांधायला आत गेल्या.