शून्य म्हणजे मेला

फाशांच्या त्या खेळाची नवी आवृत्ती खेळणाऱ्यांना व्हर्लिन हेट्झेल 'दुलईतले शूर' म्हणायचा. दिवसभर राक्षसाशी लढायचं, अंगाची चाळण झाली तरी एक झोप काढायची आणि सकाळी टुणकन उठून बसायचं, याला काय खेळ म्हणायचं? खेळ म्हणजे जुनी आवृत्ती. त्यात माणूस मरत असे, आणि मेला की मेलाच राहत असे.

अठ्ठावन्न वर्षांचा हा गृहस्थ आठवडाभर चीजच्या कारखान्यात दुधाच्या टाक्या सांभाळायचा आणि शनिवारी एकच्या ठोक्याला गॉर्डीच्या खेळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत हजर व्हायचा. तिथे दोन टेबलं होती. खिडकीजवळचं व्हर्लिनचं. तो सूत्रधार. पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून गुहा, भुयारं, राक्षस तो सांगायचा. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसल्या जागी मनाने त्या गुहेत शिरायचे. वार लागला की चुकला ते फासे ठरवायचे. प्रत्येक पात्राचं बळ कागदावर आकड्यात लिहिलेलं. तो आकडा शून्यावर आला की व्हर्लिन हात पुढे करायचा, कागद घ्यायचा, उभा फाडायचा आणि कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. "पुस्तकात आहे. शून्य म्हणजे मेला." डबा गळ्यापर्यंत भरला होता आणि त्याचा त्याला कोण अभिमान.

नियमांचं ते पुस्तक उजव्या हाताशी असायचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, वर चिकटपट्टी लावलेलं. ते उघडायची कुणाला परवानगी नव्हती. स्वतः व्हर्लिनही उघडत नसे. पाठ होतं ना. तेराव्या वर्षी तळघरात थोरल्या भावाने, लेस्टरने, त्याला हा खेळ शिकवला. पुस्तक लेस्टरच्या मांडीवर, आणि बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. लेस्टर वारला आणि पुस्तक याच्याकडे आलं.

दुसरं टेबल कॉफीच्या यंत्राजवळचं, ड्वेन प्रुस्कीचं. तिथे नवी आवृत्ती चालायची. हा ड्वेन पूर्वी व्हर्लिनच्याच टेबलावर होता. नऊ वर्षं एकच पात्र खेळला, ब्रदर अल्विन नावाचा एक जाडा, भित्रा पुजारी. मग एका शनिवारी अल्विनला कोळी चावला आणि आकडा शून्यावर आला. ड्वेन म्हणाला, एकदा पुस्तकात बघूया का. व्हर्लिन म्हणाला, बघायचं काय त्यात, आणि कागद फाडला. पुढच्या शनिवारी ड्वेनने पलीकडचं टेबल धरलं. त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. रविवारी दोघं एकाच चर्चमध्ये जात, तीन ओळींच्या अंतराने बसत. प्रार्थनेच्या मध्यावर 'शांती असो' म्हणत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे हात हातात घ्यायचे असतात, तेव्हा हे दोघं बोटांची टोकं तेवढी टेकवत. देवापुढे इतका कद्रूपणा मी त्या चर्चमध्ये दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

ड्वेनकडे माणसं वाढत गेली. व्हर्लिनकडे उरले दोघं, ओरिन आणि डेल हे बुश बंधू. ते घरी बोलायला नको म्हणून इथे येत आणि इथेही बोलत नसत. गॉर्डीने शेवटी स्पष्ट सांगितलं, मे अखेरपर्यंत तिसरा खेळाडू आण, नाहीतर टेबल पत्त्यांच्या खेळवाल्यांना देतो. व्हर्लिन म्हणाला, "कळप त्यांना लखलाभ. माझ्याकडे माणसं येतात." पण रात्रंदिवस तोच घोर. ते टेबल सोडलं तर या माणसाला शनिवारी जायला जागा नव्हती.

आणि तिसरी आली. टेस अमुंडसन, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, तिशीची, सरळ बोलणारी. चार वर्षं ड्वेनच्या टेबलावर खेळली होती. कुणाच्यातरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत तिला याच जुन्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळाली, तिने ती वाचून काढली आणि खेळून बघावंसं वाटलं. व्हर्लिनने तिला खुर्ची दिली, पण तोंड वाकडं करूनच. "पात्राचं पूर्वचरित्र लिहून आणू नकोस. त्याची आजी कशी वारली ते मला ऐकायचं नाही." टेस म्हणाली, आजी ठणठणीत आहे. ओरिन बुश हसला. तो हसतो हे डेललाही नवीन होतं.

दोन शनिवार बरे गेले. तिसऱ्या शनिवारी टेसचा चोर खड्ड्यात पडला. फासे आडोशामागे घरंगळले आणि आकडा शून्यावर आला. व्हर्लिनने हात पुढे केला. टेसने कागद दिला नाही.

"बेशुद्ध आहे तो," ती म्हणाली.

"ते लाड पलीकडच्या टेबलावर."

"मी तुमच्याच पुस्तकातलं सांगतेय, व्हर्लिन."

इथे गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण समोरच्याला नुसतं हरवून त्याचं कधी पोट भरलं नाही, चारचौघांत उताणं पाडायला हवं. त्याने प्लास्टिकची चिकटपट्टी स्वतः फाडली आणि पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. "काढून दाखव. आणि मोठ्याने वाच. पलीकडच्यांनाही कळू दे, नियम कशाला म्हणतात."

टेसला पान माहीत होतं. तिने मोठ्याने वाचलं, दवाखान्यात पेशंटला सूचना देतात तशा संथ आवाजात. बळ शून्यावर आल्यास पात्र बेशुद्ध पडते. सोबत्यांनी दहा फेऱ्यांच्या आत जखम बांधल्यास ते वाचते.

पलीकडच्या टेबलावरचे फासे थांबले. ड्वेन उठला. आपली खुर्ची ओढत आणली, व्हर्लिनच्या टेबलाशी ठेवली आणि बसला. सव्वीस वर्षांनी. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हे टेसने मला पुन्हा पुन्हा सांगितलं.

"अल्विन त्या डब्यात असेल अजून," तो म्हणाला. "आपण सहाजण होतो तेव्हा. कुणीही बांधली असती जखम."

एक शब्द पुरे होता. चुकलो. तोही नको, नुसता डबा पुढे केला असता तरी चाललं असतं. खुर्ची आलेली होती, माणूस बसलेला होता. गॉर्डीला तीन हवे होते, इथे चार झाले असते.

व्हर्लिनने पुस्तक ओढून घेतलं आणि पहिलं पान काढलं. "ही सहावी छपाई आहे," तो म्हणाला. "तोवर बिघडवून ठेवलं होतं सगळं. खरं पुस्तक पहिल्या छपाईचं."

"तू पाहिलीस ती?" ड्वेनने विचारलं.

"लेस्टरकडे होती."

"लेस्टरकडे हीच होती, व्हर्न. त्याच्या कपाचा डाग आहे बघ वर."

डाग होता. व्हर्लिनने त्यावर तळहात ठेवला. म्हणाला, "तुमच्यासारख्यांना डागच दिसायचे."

ड्वेनने डबा स्वतःकडे ओढला, कागद उपसले, तळाशी पिवळे पडलेले दोन तुकडे सापडले ते शर्टाच्या खिशात घातले आणि खुर्ची घेऊन परत गेला. पाठोपाठ टेस गेली, आपला अर्धमेला चोर घेऊन. ओरिन बुशने थोडा वेळ छताकडे पाहिलं आणि तोही उठला. डेल एकटा राहिला, बहुधा ओरिन तिकडे गेला म्हणूनच.

जूनपासून खिडकीजवळ पत्तेवाले बसतात. रविवारी 'शांती असो'च्या वेळी व्हर्लिन बुटाची नाडी बांधतो. देव त्याला सुबुद्धी देवो, असं मी त्याच्या मागच्या ओळीत बसून म्हणते, पण त्या नाडीकडे बघून माझाच धीर सुटतो.

पहिल्या छपाईचं पुस्तक त्याने ओहायोतून मागवलं. ते येऊन तीन महिने झाले. त्याच्या घरच्या तळघरातल्या टेबलावर उजव्या हाताशी आहे, प्लास्टिकमध्ये, वर नवी चिकटपट्टी. उघडलेलं नाही. त्यात काय लिहिलंय, ते त्याला पाठ आहे.