डॉक्टरबाईंचा प्रश्न

मीरा रोडच्या त्या हॉस्पिटलात माझी मुलगी आयसीयूत होती. तिथल्या डॉक्टरबाई मुलांच्या रक्ताचे रिपोर्ट घेऊन बाहेर यायच्या. रिपोर्ट बरा असला तर उभ्याउभ्याच सांगायच्या, "रक्तातलं ॲसिड उतरतंय. बघू." वाईट असला की ॲसिडचं नाव नाही. नुसतं विचारायच्या, "जेवलात का? आधी खाऊन या."

नया नगरच्या एका आईला त्यांनी हिंदीत हेच विचारलं, आणि संध्याकाळपर्यंत तिचं बाळ गेलं. तेव्हापासून आम्ही सगळे आईबाप, घास उतरत नसला तरी, आधीच जेवून बसायचो.

त्या दिवशी बाई बाहेर आल्या. मी घाईघाईने म्हटलं, "जेवलोय, मॅडम."

त्यांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. एरवी कधी न बसणाऱ्या बाई माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मग चहा घेऊ."