ज्याचा निरोप, त्यानेच पुसायचा

मळेवाडी हे आचऱ्यापासून थोडं आत वसलेलं गाव, आणि तिथल्या माणसांना एका कामाला जुंपणं म्हणजे तीन तिघाडा काम बिघाडा. भजनाला पेटी यायची तर पेटीवाला नसायचा. बांध घालायला माणसं जमायची तर फावडी दुसऱ्याच वाडीत. आंबे उतरवून ठेवायच्या आधीच ट्रक येऊन रिकामा निघून जायचा. सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलेलं असायचं आणि कळलेलं कोणालाच नसायचं. याचा मनापासून वैताग यायचा तो एकट्या विश्राम लाडाला. सोसायटीच्या गोदामात तांदूळ नि रॉकेल वाटणारा हा कारकून. डोक्यावर टोपी, तोंडात सुपारी आणि दुसऱ्याच्या कामाची चिंता स्वतःच्या कामापेक्षा जास्त.

ऐंशी साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात त्याने जुन्या सेलांमधली काळी पूड खळीत कालवली आणि सोसायटीच्या पडवीची अख्खी भिंत रंगवून तिचा फळा केला. शेजारी खडूंचा डबा टांगला. गावातलं सगळं एकाच जागी: पाण्याच्या पाळ्या, भजनाची तालीम, ट्रकची वेळ, कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या घरी पाहुणे आले. कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याच्या लिहिण्याखाली आपलं जोडावं. नियम एवढाच, की ज्याचा निरोप असेल त्यानेच तो वाचून पुसायचा. पुसलेला दिसला की समजायचं, पोचला.

लोक आधी हसले. नव्याचे नऊ दिवस, म्हणाले. पण वादळात शाळेच्या छपरावरचे नळे उडाले, तेव्हा कोणी कौलं आणायची, कोणी वासे आणि कोणी चढायचं, हे त्या भिंतीवर ठरलं आणि दोन दिवसांत शाळा पुन्हा भरली. मग हसणारेच खडू मागायला लागले. अक्षरशत्रूंना विश्राम स्वतः लिहून द्यायचा. त्याची मुलगी शुभदा खडूने अक्षरं गिरवायला शिकली ती त्याच भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात.

त्याच्या बायकोला, सीताला, मात्र त्या भिंतीचा राग होता. "घरातला माका काय सांगूचा झाला तर मी पण थंयच येऊन लिवचा काय?" ती म्हणायची. तो हसायचा. हसायला नको होतं, पण तो हसायचा.

पुढे सीता आजारी पडली. छातीत पाणी झालं म्हणाले. कुडाळला शुभदा दिली होती, तिच्याकडे नेऊन दवाखान्यात ठेवली. विश्राम चार दिवस उशाशी बसला आणि परत निघाला, कारण गावात देवाचा कौल घ्यायचा होता. सीताने त्याचा हात धरला.

"कायव झाला तरी माका एकटी मरूक देव नकात."

"येडा काय बोलतंस? शुभदा, कायव असला तर येणाऱ्या-जाणाऱ्याकडसून फळ्यार लिवून धाड. तसोच निघान येतंय."

देवाने कौल दिला तो गावपळणीचा. काही वर्षांनी एकदा देव गाव मागून घेतो. मग माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी वेशीबाहेर जाऊन झोपड्या घालून राहायचं, आणि देव पुन्हा कौल देईपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. विश्रामाने तारीख फळ्यावर लिहिली. कोणाची झोपडी कुठे, गुरांचा चारा कोणाकडे, सगळं लिहिलं. फळ्यावर लिहिलं म्हणजे जगाला कळलं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. कुडाळला साधं एक कार्ड टाकावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. विश्राम हुशार होता हो, पण हुशार माणूस चुकला की त्याला सावरायलाही कोणी नसतं.

पळणीच्या दुसऱ्या दिवशी आचऱ्याला जाणारा बर्फाचा टेम्पो झोपड्यांसमोरून गावात शिरला; वाटेवरच्या परक्या गाडीला पळणीची बंदी नसते. चालवणारा लवू कुडाळचा, या वाटेवर नवा. वेशीवरची गर्दी बघून त्याला जत्रा वाटली. विश्रामाने त्याला हात केला, त्यानेही केला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चौथ्या दिवशी देवाकडे कौल मागितला, तर देवाने दिला नाही. अजून एक दिवस थांबा. विश्राम आनंदातच होता, चूल पेटवून सगळ्यांना चहा पाजत होता.

पाचव्या दिवशी कौल मिळाला आणि ढोल वाजवत गाव आत शिरलं. विश्राम सगळ्यांच्या पुढे धावला. देवळाची झाडलोट कोणी करायची ते लिहायचं होतं. पडवीत पोचून त्याने खडू उचलला आणि तो तसाच उभा राहिला.

परक्या अक्षरात लिहिलेलं होतं: "विश्राम लाड, सीताबाईंचं जास्त आहे. लगेच या. शुभदा." आणि त्याच्याखाली, त्याच अक्षरात: "बाबा, अजून का येत नाही? आई सारखी विचारते."

तो कुडाळला पोचला तेव्हा आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. शुभदा रडलीसुद्धा नाही.

"दोनदा बर्फाच्या टेम्पोवाल्याक फळ्यार लिवक सांगलंय, बाबा. आये दाराकडे बघीत होती. गावाचा काम सुटला नाय तुमका?"

"गाव पळणीत होतो गो. माका निरोप पोचलोच नाय."

"आमका खंय ठावक?" ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती माहेरी आली नाही. त्यानेही तिला दोष दिला नाही, द्यायला जागा कुठे होती?

विश्राम मग कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. खडूला त्याने हात लावला नाही. ते दोन निरोप भिंतीवर तसेच राहिले. नियम होता, आणि गाव त्यांना वळसा घालून आपापलं लिहीत राहिलं. एकदा धोंडू गुरवाने हळूच म्हटलं, "विश्रामा, आता तरी पूस रे ता."

"निरोप पोचलो असतो तर पुसलो असतो," विश्राम म्हणाला.

काही वर्षांनी पुन्हा गावपळण आली. सगळ्यांनी नदीकाठी सावली बघून झोपड्या घातल्या. विश्रामाने घातली नाही. तो वेशीवर, भर रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसला. गाडी दिसली की उठायचा, दोन्ही हात पसरून आडवा उभा राहायचा आणि चालवणाऱ्याला विचारायचा:

"विश्राम लाडाक काय निरोप आसा?"

"नाय ओ."

"नीट बघा. कुडाळसून कोणी दिलो असात."

"नाय ओ, कोणीच दिलो नाय."

मग तो बाजूला व्हायचा, गाडीला वाट द्यायचा आणि पुन्हा गोणपाटावर येऊन बसायचा.