नाव लिहिलेल्या डिस्क

रत्नागिरीत आमच्या नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं विंडोजशी वैर आणि लिनक्सवर जीव. "बॅकअप घेतलात काय?" हाच त्याचा नमस्कार.

माझी हार्ड डिस्क गेली, आणि तिच्यासोबत माझ्या वारलेल्या बाबांच्या आवाजाचं एकमेव रेकॉर्डिंगही. दुकानात नेली, तर त्याने शांतपणे कपाट उघडून माझ्या नावाची डिस्क काढली. मागच्या दुरुस्तीत त्याने न विचारताच सगळं उतरवून घेतलं होतं. आत अशा कितीतरी डिस्क होत्या, प्रत्येकीवर गावातलं एकेक नाव.

बाबांचा आवाज ऐकून मला हुंदका आला.

"जयगडच्या होडीचं सांगताना हसतात ना, ते बरं वाटतं," तो म्हणाला. "जेवताना रोज लावतो मी."

माझी नजर कपाटातल्या बाकीच्या नावांवर गेली. पण पुसून टाका, असं म्हणवेना. मी स्वतः ते वर्षभरात एकदाही ऐकलं नव्हतं.