शंका आली की सोडून द्यायचं

भूकंपानंतर गाव सोडून आम्ही लातुरात घर बांधलं. पुढं क्लासेसचा सुकाळ झाला आणि आमच्या वरच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी राहू लागल्या. जेवण माझ्याकडं. सोडून जाताना प्रत्येकीची आई तेच सांगायची, "ताई, लेकराच्या पोटाकडं बघा." म्हणून भाजी औशाजवळच्या आमच्या रानातलीच हवी, हा माझा हट्ट.

वेळ अमावस्या तोंडावर आली होती. त्या दिवशी रानातल्या शेंगा-पाल्याची भज्जी करून सगळ्यांनी रानातच जेवायचं. यंदा पोरींनाही न्यायचं ठरलं होतं. रानात गेले, तर धाकटे दीर विहिरीजवळच्या भाजीच्या पट्टीत तणनाशक मारायला निघालेले. मी आडवीच उभी राहिले. वरवरचं धुऊन जाईल, पण पानात मुरलेलं कसं धुवायचं?

"वहिनी, खुरपायला बाया मिळत न्हाईत. तुम्ही आणता का?"

"आणते की." माझी जीभ नेहमीच डोक्याच्या पुढं धावते.

रविवारी पोरीच नेल्या खुरपायला. काय खिदळत होत्या! त्यातल्या देवणीच्या पोरीनं नियम काढला, चुकून भाजी उपटली तर मार्क वजा. झालं. शंका आली की सोडून द्यायचं, हे क्लासनं त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं. संध्याकाळी बघते तर निम्मं तण जागच्या जागी.

"रान खुरपलं का पेपर सोडवला?" दीर पोट धरून हसले. मलाही हसू आवरेना.

पण त्या सोडलेल्या तणात पाथरी होती, चिघळ होती, आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या. फवारणी सुरू झाल्यापासून दिसेनाशी झालेली. अमावस्येला मी ती खुडून भज्जीत घातली. पोरी बोटं चाटत जेवल्या आणि मला इतका आनंद झाला की वाढता वाढता डोळे भरून आले.

दीर मात्र पहिल्या घासाला थांबले.

"पाथरी हाय का ह्यात?"

"हाय की."

"माय घालायची भज्जीत," एवढंच म्हणाले आणि वाटी पुढं केली.

पुढच्या वर्षी त्यांचाच फोन आला. "वहिनी, पट्टीत काय मारलं न्हाई. पोरी कधी आणता?"

"त्यांना खुरपता येत नाही, भाऊजी."

"म्हणून तर म्हणतोय. त्यांनाच आणा."